राशिभविष्यात वाचले आणि कामाची पद्धत बदलली : असे आणखी कुणी केले आहे का?

जमाखर्च :

नमस्कार. मी भोसरीतल्या एका लहान इंजिनिअरिंग कारखान्यात गेली अकरा वर्षे हिशेब सांभाळते. माझी चंद्ररास मीन. ज्योतिषावर विश्वास आहे का, या प्रश्नाचे सरळ उत्तर मला देता येत नाही. मुलीची पत्रिका करून घेतली आहे, पण घर घेताना कुणाची पत्रिका उघडून पाहिली नाही, इतपतच माझे आणि ज्योतिषाचे संबंध आहेत.

गेल्या वर्षीच्या एका दिवाळी अंकातले वार्षिक भविष्य चाळताना मीन राशीखाली वाचले, की २९ मार्च २०२५ रोजी शनी मीनेत येईल, साडेसातीचा मधला टप्पा सुरू होईल आणि नोकरीत कष्ट वाढतील. दुसऱ्याचे काम अंगावर ओढवून घेऊ नये आणि केलेल्या कामाची लेखी नोंद ठेवावी, असा त्यापुढे सल्ला होता. कष्ट काही कमी नव्हतेच, त्यामुळे पहिल्या भागाचे विशेष वाटले नाही. नोंदीचे वाक्य मात्र डोक्यात राहिले.

आमच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत दुधाचा हिशेब लिहितात. १ एप्रिलपासून मी त्याच चौकोनात, दुधाच्या आकड्याखाली, त्या दिवशी कार्यालयातून कधी निघाले आणि कशामुळे थांबले एवढेच लिहू लागले. वर 'दीड', खाली '२बी, पावणेनऊ'. हिशेबाच्या कामातले लोक ओळखतील, की दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीचे २बी विवरण (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी) तयार होते आणि २० तारखेपर्यंत ३बी (आमचे मासिक करविवरण) भरावे लागते. जूनअखेर चौकोन मोजले, तेव्हा सात वाजल्यानंतर थांबलेले सत्तावीस दिवस निघाले आणि त्यांतले एकोणीस या १४ ते २० तारखांमधले होते. आपल्याला रोजच उशीर होतो असे मी अकरा वर्षे समजत होते, आणि उशीर एका ठरावीक आठवड्यात, एकाच कारणाने होत होता. ज्या जॉबवर्कवाल्यांची (आमचे काम बाहेर करून देणाऱ्यांची) बिले आमच्याकडे आलेली असत, पण त्यांनी ती ११ तारखेपर्यंत आपल्या विवरणात दाखवलेली नसत आणि त्यामुळे आमची कराची वजावट अडकत असे, त्यांना एकेक फोन करण्यात माझ्या संध्याकाळी जात होत्या. हे पाठपुराव्याचे काम खरे तर खरेदी विभागाचे होते आणि कधीतरी ते माझ्याकडे सरकले होते.

जुलैपासून मी दर महिन्याच्या ७ तारखेला बाकी बिलांची यादी खरेदी विभागाला आणि त्या त्या पुरवठादाराला पाठवू लागले. ऑक्टोबरात त्या आठवड्यातले उशिराचे दिवस दोन भरले. काल ३बी भरून साडेसहाला घरी आले, म्हणून हे लिहायला वेळ आहे.

यजमानांना हे सांगितले तर ते म्हणाले, "भविष्य चांगले असते तर तू काहीच केले नसतेस." त्यांचे हे वाक्य मला टोचले आहे, कारण ते बहुधा खरे आहे. आपल्यापैकी कुणी भविष्यातली ओळ वाचून कामात प्रत्यक्ष बदल केला असेल, तर तो कोणत्या प्रकारच्या ओळीने झाला, हे जाणून घ्यायचे आहे.

सांख्यिक :

धाग्याची मांडणी आवडली. मी सांख्यिकी शिकवून निवृत्त झालो आहे, त्यामुळे आधी पाटी स्वच्छ करून घेतो.

कुंडलीवरून माणसाविषयी काही सांगता येते का, याची पद्धतशीर चाचणी आपल्याच महाराष्ट्रात झालेली आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी २००८ साली नरेंद्र दाभोलकर यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या साहाय्याने ती घेतली. हुशार विद्यार्थी आणि मतिमंद मुले अशा दोन गटांच्या प्रत्येकी शंभर पत्रिका होत्या. सहभागी ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढेच विचारले. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. चाळीसपैकी अठ्ठावीस बरोबर येणे ही यशाची रेषा ठरली होती आणि सर्वांत चांगले उत्तर चोवीसांवर थांबले. एका संस्थेने सर्व दोनशे पत्रिका पाहिल्या, त्यांतल्या एकशे दोन बरोबर आल्या. नाणे उडवून एवढेच साधते.

मग ओळ 'लागू' का पडते? बर्ट्राम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या एकोणचाळीस विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे म्हणून एक व्यक्तिवर्णन दिले आणि ते किती जुळते याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. वर्णन सर्वांना एकच दिले होते आणि त्यातली वाक्ये बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. नोकरीत कष्ट वाढतील, हे वाक्य बारापैकी कोणत्याही राशीखाली छापले असते तरी भोसरीतल्या हिशेबनिसाला ते पटलेच असते. साडेसाती एका वेळी तीन राशींना असते, म्हणजे देशाच्या एकशे चाळीस कोटी लोकसंख्येपैकी आज स्थूलमानाने पस्तीस कोटी लोक तिच्यात आहेत. त्यांतल्या किती जणांनी कॅलेंडरवर नोंदी ठेवल्या?

म्हणून श्रेय शनीचे नाही. ते तुमच्या १ एप्रिलचे असावे, असे मला वाटते. जुने पान संपून नवे सुरू झाले, अशी भावना देणाऱ्या तारखेला माणसे बदलाला जास्त तयार होतात, असे दाखवणारे संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले आहे. आठवड्याचा किंवा महिन्याचा आरंभ आणि वाढदिवसानंतरचे दिवस यांत लोकांचे व्यायामशाळेत जाणे वाढते, असे त्यात आढळले. आपल्याला हे परदेशातून शिकण्याची गरज नव्हती म्हणा, साडेतीन मुहूर्त आपल्याकडे आहेतच.

काठावर :

विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थेट विचारतो. माझी रास तूळ. गुरू १८ ऑक्टोबरला कर्केत, म्हणजे माझ्या दशमात (नोकरी-व्यवसायाच्या स्थानात) आला आहे आणि ५ डिसेंबरला परत मिथुनेत जाणार आहे. नोकरीत प्रगतीचा उत्तम काळ, असे तीन ठिकाणी वाचले. हिंजवडीत एका आयटी कंपनीत काम करतो, सहा वर्षांत काम बदललेले नाही आणि कंटाळा आला आहे. हातात अजून नोकरी नाही. या दोन आठवड्यांत राजीनामा द्यावा काय? नोटीस नव्वद दिवसांची आहे.

पंचांगवाले :

मी दिवसा एका सहकारी पतसंस्थेत काम करतो आणि संध्याकाळी पत्रिका पाहतो. वीस वर्षे पाहत आलो आहे. सांख्यिक यांच्या चाचणीशी मी भांडत बसणार नाही. त्यांचे आकडे मला ठाऊक आहेत आणि माझ्याकडे येणाऱ्यांना ते ठाऊक असले तरी ते येतातच.

काठावर यांना आधी उत्तर देतो. आमच्याच शास्त्राच्या भाषेत बोलायचे, तर तुमचा कर्केतला गुरू ११ नोव्हेंबरपासून वक्री, म्हणजे उलटा चालताना दिसणारा, आहे. आज राजीनामा दिलात तर सुटका फेब्रुवारीच्या उत्तरार्धात होईल, तेव्हा गुरू मिथुनेत असेल. मग मुहूर्त राजीनाम्याचा धरायचा की नव्या कामावर रुजू होण्याचा? गोचर, म्हणजे ग्रहांचे चालू भ्रमण, एवढे नेमके असते, तर या प्रश्नावर दोन ज्योतिषांचे एकमत झाले असते. ते होत नाही. गुरू जून २०२६ मध्ये पुन्हा कर्केत येणार आहे, तेव्हा घाई शास्त्रालाही नाही. या दोन आठवड्यांत बायोडाटा नीट लिहा आणि पाच ठिकाणी पाठवा. राजीनामा हातात पत्र आल्यावर द्या.

आता मूळ प्रश्न. माझ्याकडे येणारा माणूस 'कधी' विचारतो. बढती कधी, बदली कधी, हा साहेब कधी जाईल. 'काय करू' असे विचारणारे फार थोडे. वर्तमानपत्रातले राशिभविष्य तर केवळ चंद्रराशीवरून, गोचर ग्रहांवरून लिहिलेले असते. त्यात ना जन्मवेळेचे लग्न (उगवती रास), ना दशा (ग्रहांचे ठरलेले कालखंड). विंशोत्तरी या दशापद्धतीत शुक्राची महादशा वीस वर्षांची आणि शनीची एकोणीस वर्षांची असते. एवढ्या लांबीच्या काळाविषयी बोलताना सावध ज्योतिषी तारीख देत नाही, कल सांगतो.

जमाखर्च ताईंच्या यजमानांचे वाक्य मात्र मी लिहून ठेवले आहे, कारण वीस वर्षांत मलाही तेच दिसले. शनी हा आमच्याकडे कष्टाचा, विलंबाचा, शिस्तीचा, चाकरीचा कारक. त्याच्याखाली जो सल्ला लिहिला जातो तो ठरलेला असतो : कष्ट करा, नोंदी ठेवा, वाद टाळा, शब्द देऊ नका, उधारी करू नका. यातून ग्रह काढून टाकला तरी सल्ला वाईट उरत नाही. गुरूखाली मात्र 'संधी चालून येईल' असे लिहितात, आणि चालून येणाऱ्या गोष्टीसाठी माणूस दारात बसून राहतो. साडेसातीत माझ्याकडे आलेली माणसे काहीतरी हालचाल करतात. गुरुबळ असलेली माणसे वाट पाहतात, नाहीतर काठावर यांच्यासारखी उडी मारायला निघतात. माझ्या दक्षिणेच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, म्हणून हे निरपेक्षपणे सांगतो आहे.

उरलेले_सात_महिने :

'उडी' वाचले आणि राहवले नाही. मी ती मारलेली आहे.

एका खासगी कंपनीत चार वर्षे पाच महिने झाले होते. ओळखीच्या एकांनी पत्रिका पाहून सांगितले, की दिवाळीनंतर परिस्थिती फिरते, त्याआधी जुने सोडा. सोडले. नवे काम दोन महिन्यांत मिळाले आणि ते बरेही आहे, त्यामुळे भविष्य खोटे ठरले असे कुणी म्हणणार नाही. पण ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षांची सेवा लागते, हे मला कार्यमुक्तीचे कागद हाती आल्यावर कळले. कायदा तेव्हा १९७२ चा होता आणि हिशेब सोपा होता : शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, त्याला पंधराने गुणून सव्वीसने भागायचे आणि जितकी वर्षे तितक्या पट घ्यायचे. माझे मूळ व भत्ता मिळून बेचाळीस हजार होते. पाच वर्षांचे एक लाख एकवीस हजार रुपये झाले असते. सात महिने थांबलो असतो तर.

पत्रिका पाहणाऱ्यांचा यात दोष नाही. त्यांनी नेमणूकपत्र पाहिले नव्हते आणि मी दाखवलेही नव्हते. आठवते ते एवढेच, की त्या संध्याकाळी मी जन्मवेळ मिनिटासकट अचूक सांगितली होती आणि नोकरीला लागल्याची तारीख मला नीट आठवत नव्हती.

काठावर :

सहा वर्षे झाली आहेत, म्हणजे माझी ग्रॅच्युइटी सुरक्षित आहे. तरीही राजीनाम्याचा मसुदा तूर्त खोडला.

कृष्णाकाठ :

सांगलीहून लिहिते. इथे सगळे वाचणाऱ्याच्या मनाविषयी बोलत आहेत, वाचणाऱ्याच्या घराविषयी कुणी बोलत नाही, म्हणून माझे सांगते.

लग्नाआधी मी एका दुकानात काम करत असे. लग्नानंतर ते सुटले. मुलगा शाळेत जाऊ लागल्यावर डबे करून द्यावेत असे मनात आले, कारण आमच्या घरापासून जवळच विद्यार्थ्यांची वसतिगृहे आहेत. दोन वर्षे हा विषय काढत होते आणि दोन वर्षे सासूबाई, "लोक काय म्हणतील, आपल्या घरात काय कमी आहे," एवढेच म्हणत होत्या. मग धाकट्या दिरांचे लग्न ठरवताना गुरुजी घरी आले, तेव्हा सहज माझीही पत्रिका पाहिली गेली. शुक्राची महादशा आहे, अन्नाशी संबंधित व्यवसायात यश आहे, असे ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतः माळ्यावरची मोठी परात आणि पितळी डबे उतरवून चिंचेने घासायला घेतले.

माझ्या मनाला प्रेरणेची गरज नव्हती. परवानगीची होती. ती सुनेच्या तोंडून मागितली तर मिळत नव्हती आणि शुक्राच्या तोंडून आली तर मिळाली. आज सकाळचे बावीस आणि संध्याकाळचे सोळा डबे जातात. उद्यम नोंदणी मी स्वतः केली, तिला पैसे लागत नाहीत हेही इथल्या बायकांनी लक्षात ठेवावे, कारण त्यासाठी पाचशे-हजार उकळणारे भेटतात.

सांख्यिक :

कृष्णाकाठ, आपल्या प्रतिसादाने मला विचार करायला लावले. माझ्या चौकटीत ही गोष्ट नव्हती, हे मान्य करतो. पण एक शंका मांडतो. उसनी आणलेली परवानगी देणारा परतही मागू शकतो. उद्या त्याच गुरुजींनी सांगितले, की आता दिवस बरे नाहीत, व्यवसाय आवरता घ्या, तर पितळी डबे पुन्हा माळ्यावर जातील का?

कृष्णाकाठ :

गेल्या वर्षी तसे झाले. मधल्या काळात काहीतरी बिनसले आहे, जपून राहा, असे कुणीतरी सासूबाईंना सांगितले. त्यांनी मला विचारले, "महिन्याचे किती सुटतात?" मी वही दाखवली. त्यांनी वही मिटली आणि जपून राहायचे म्हणजे गॅसची नळी बदलून घ्यायची, असे ठरवले. ती खरोखरच बदलायला झाली होती.

पंचांगवाले :

गॅसची नळी हा साडेसातीवरचा मी ऐकलेला सर्वांत उत्तम उपाय आहे. एवीतेवी उपायांचा विषय निघालाच आहे, तर व्यवसायबंधूंचा रोष पत्करून लिहितो. नोकरीसाठी शनीचा खडा नीलम घालू का, असे मला महिन्यातून दोन-तीनदा विचारले जाते. जो उपाय हप्त्याने विकत घ्यावा लागतो, तो घेणाऱ्याला एक वर्ष तरी तीच नोकरी टिकवावी लागते. मग बदल कसला? मी अशा माणसाला सांगतो, की शनीला श्रम प्रिय आहेत असे आपण मानतो ना, मग ते पैसे एखाद्या अभ्यासक्रमाला भरा आणि शनिवारी वर्गाला जा. काही जण जातात. काही जण दुसरा ज्योतिषी शोधतात, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

ताई, तुम्ही या नोंदींवरून मालकांशी बोललात का?

जमाखर्च :

सर्वांचे आभार. 'उरलेले सात महिने' यांचा प्रतिसाद वाचून मी आधी माझे नेमणूकपत्र शोधून काढले. ते मुलीच्या पत्रिकेच्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत होते.

मालकांशी येत्या गुरुवारी, २७ तारखेला बोलणार आहे. सात महिन्यांची पाने काढून ठेवली आहेत आणि त्यांवरून एका कागदावर तक्ता केला आहे : कोणत्या कामाला किती संध्याकाळी गेल्या आणि ते काम कागदोपत्री कुणाचे आहे. माझी मागणी दोन गोष्टींची आहे. पुरवठादारांचा पाठपुरावा लेखी स्वरूपात खरेदी विभागाकडे जावा, आणि मोकळ्या झालेल्या वेळात मला प्रत्येक जॉबचा खर्च काढण्याचे काम मिळावे. आमच्याकडे अजून दर अंदाजाने लावतात आणि दोन नियमित ऑर्डरींत आम्ही तोटा सोसतो आहोत, अशी मला शंका आहे. पगारवाढीचे आत्ता बोलणार नाही, ते मार्चमध्ये आकडे हातात आल्यावर बोलेन.

यजमानांच्या वाक्याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही. ओळ चांगली असती तर मी ती वाचून आनंदाने अंक मिटला असता, यात शंका नाही. पण वाईट ओळ वाचणाऱ्या आमच्या कार्यालयातल्या मीन राशीच्या दुसऱ्या बाईंनी शनिवारी तेल वाहायला सुरुवात केली आणि त्या अजूनही साडेआठलाच घरी जातात. त्यांना मी चौकोनांची पद्धत दाखवली, तेव्हा त्या म्हणाल्या, की आमच्याकडे दूध पिशवीचे येते, कॅलेंडरवर लिहायची सवयच नाही. सवय आधीपासून हाताशी होती, म्हणून ओळ उपयोगी पडली असावी. पेन दोरीने खिळ्याला बांधलेले होतेच.

पंचांगवाले :

२७ तारीख? शनी २८ नोव्हेंबरला मार्गी होतो आहे, म्हणजे पुन्हा सरळ चालू लागतो आहे. एक दिवस थांबलात तर वक्री शनीत बोलणी केली, असा बोल कुणी लावणार नाही.

जमाखर्च :

पाहिले होते. पण २८ ला मालक प्रदर्शनासाठी मुंबईला जाणार आहेत आणि परत आल्यावर चार दिवस कुणाला भेटत नाहीत. वक्री तर वक्री.

काठावर :

ताई, तक्ता कसा केला ते सांगाल का? माझ्याकडे कॅलेंडर आहे, दूध नाही.

जमाखर्च :

रकाने चारच आहेत : तारीख, निघण्याची वेळ, थांबण्याचे कारण आणि ते काम कुणाचे. चौथा रकाना रोज भरू नका, महिन्याच्या शेवटी एकदम भरा; रोज भरला की राग येतो आणि रागात सगळीच कामे दुसऱ्याची वाटतात. पहिले तीन मात्र त्याच रात्री लिहा, कारण दोन दिवसांनी पावणेनऊचे साडेनऊ होतात. दुधाचे आकडे पेन्सिलने आणि कामाचे शाईने लिहिले, म्हणजे घोटाळा होत नाही.

आणि पाने एकत्र लावताना एक गोष्ट उघडकीस आली. गणपतीला आम्ही गावी गेलो होतो, त्या ऑगस्टातल्या तीन दिवसांचे साडेचार लिटरचे पैसे दूधवाल्याने लावले होते. ते आज सकाळी परत मिळाले.